दोन सूत

एका इंचात आठ सूत असतात. सुताराला हे माहीत असतं, गवंड्याला असतं, उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या पोराला असतं. आमच्या राजारामपुरीतल्या गल्लीत मात्र ते दूध टाकणाऱ्यालाही माहीत आहे, कारण गल्लीत काका राहतात. काकांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर येतं. पोरांनी आधी ‘सूतकाका’ सुरू केलं होतं. पण लांबून हाक मारली की पहिल्यांदा ‘सूतक’च ऐकू यायचं, आणि दारात मांडव घातलेल्या घरांना ते परवडेना. बायकांनी ते बंद पाडलं. तेव्हापासून ते दोनसूत काका.

लग्नाच्या हॉलवर गेलं की माणसं आधी यजमानांना शोधतात. काका स्वागताची कमान बघतात. एक डोळा मिटून, मान जराशी मागं घेऊन. मग शेजारी जो कोण असेल त्याच्या कानाशी, “डावीकडं दोन सूत बसलीय.” भिंतीवरचा आजोबांचा फोटो, दवाखान्याची पाटी, तालमीच्या गणपतीचा मुकुट, समोरून येणाऱ्या वडापच्या जीपचं बंपर, कशाचीच सुटका नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना मुलीचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “पोरगी चांगली हाय. फोटोग्राफर वाकडा हाय.”

गावाला अशा माणसांचा कंटाळा येतो. पण वर्षातून दोनदा, किरणोत्सवाच्या दिवसांत, सगळं कोल्हापूर काकांच्या वळणावर जातं. मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायाशी आली, कमरेपर्यंत चढली, आज चेहऱ्याला लागली की नाही, ह्यावर चहाच्या गाड्यावर मारामारी व्हायची वेळ येते. काका तेव्हा शांत असतात. चोहीकडून लोक बोटांनी उंची दाखवताहेत हे बघून त्यांना भरून येतं.

काका ३४ वर्षं बँकेत कॅशियर होते. खतावण्या हातानं लिहायच्या काळातले. संध्याकाळी रोकड जुळली की शाखा घरी जायची; नाही जुळली तर कुणीच जायचं नाही. एकदा नऊ पैसे कमी आले. मॅनेजरांनी खिशातनं दहा पैसे काढून टेबलावर ठेवले आणि टोपी घातली. काकांनी ते दहा पैसे परत दिले. “साहेब, खिशातनं घातलं म्हंजे जुळलं न्हवं. झाकलं.” आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. फरकाला नवानं भाग जात असेल तर कुठंतरी आकडे उलटे पडलेत असा संशय घ्यायचा, हे जुन्या कारकुनांचं शास्त्र. रात्री साडेनऊला ४५च्या जागी लिहिलेले ५४ सापडले. शाखेतल्या लोकांना तेव्हा आनंद झाला की आणखी काही, हे काकांनी कधी सांगितलं नाही.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांनी सावध राहायला हवं. काकूंनी गच्चीवर एक खोली बांधायचं ठरवलं होतं. काका एका शनिवारी कागलकडं जाऊन आले, आणि खोलीचे पैसे एका वाड्याच्या गोठ्यातून मोटार होऊन घरी आले. १९२८ची शेव्हरोले, ‘नॅशनल’ मॉडेल. चार सिलिंडर, १७१ घनइंचाचं इंजिन, ३५ अश्वशक्ती, चारही चाकांना ब्रेक आणि मागच्या सीटवर कोंबडीनं उबवायला घेतलेली अंडी. त्याच साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करायला सुरुवात केली होती. ही त्यांपैकीच एक, असं काका शपथेवर सांगतात. म्हणून तिला कुणी परदेशी म्हटलेलं त्यांना चालत नाही. “शिवडीची हाय ती. आपलीच.” इंग्लंडातले जुन्या मोटारींचे पंडित १९३० नंतरच्या गाडीला ‘विंटेज’ म्हणू देत नाहीत, आपल्याकडं २०२१च्या नियमानं ५० वर्षं उलटली की झालं. काका दोन्हीकडं बसतात. दोन खतावण्यांत एकच रक्कम जुळल्याचं सुख त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलं.

दोन वर्षं डागडुजीत गेली. रंग झाला, हूड झालं, सीटला नवं रेक्झिन आलं, आणि दसऱ्याला पूजा निघाली. काकूंनी रेडिएटरवर झेंडूची भरगच्च माळ बांधली. गल्ली जमली. नारळ फुटायच्या आधी पाच-सहा वर्षांचं एक पोरगं मोठ्यांदा म्हणालं, “काकू, माळ वाकडी बांधलीय.”

काकूंनी ती दोनदा सरळ केली. माळ सरळच होती.

त्या रात्री काकांनी मोजलं. गाडी डाव्या बाजूनं पुढं सहा सूत खाली होती. सहाला नवानं भाग जात नाही. म्हणजे आकडे उलटे पडण्याचा प्रश्नच नव्हता. माल खरोखर कमी होता.

इथं कमानीबद्दल सांगायला हवं. ह्या गाडीला पुढं दोन कमानी आहेत, एकेका चाकामागं एकेक, चासीला समांतर. कमान म्हणजे पोलादी पट्ट्यांची थप्पी: सगळ्यांत वर लांब पट्टी, तिच्याखाली तिच्याहून आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. मिस्त्री लोक पट्टीला पाटा म्हणतात. मधोमध एक सेंटर बोल्ट सगळ्यांना एकत्र धरतो, आणि दोन यू-बोल्ट ती थप्पी आक्सलला आवळून बांधतात. मेन पाट्याची टोकं वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. एक डोळा चासीला थेट पिनेनं अडकवायचा, दुसरा शॅकलला टांगायचा. शॅकल म्हणजे बोटभर झोका. कमान दबली की सपाट होते, सपाट झाली की लांब होते, आणि ती जादा लांबी कुठं जाणार? झोक्यावर. घोड्याच्या बग्ग्यांना अशा कमानी बसवायचं पेटंट लंडनच्या ओबाडाया इलियटनं १८०४ साली घेतलं. काका त्याचा उल्लेख ‘आमचे ओबाभाऊ’ असा करतात. नवख्या माणसाला वाटतं काकांच्या आत्याचे यजमान असावेत.

पाटा बसतो म्हणजे लोकांना वाटतं तो मऊ झाला. तसं नसतं. त्याचा ताठपणा जवळपास होता तोच राहतो, आणखी भार टाकला तर पूर्वीइतकाच दबतो. फक्त उभं राहायची त्याची जागा खाली सरकते. डावीच का बसली, ह्यावर काकांचे तीन सिद्धांत आहेत. तिन्ही ऐकायला एक दुपार लागते. मी ऐकलेत, तुम्हाला कशाला त्रास.

अंगणातली फरशीच उतरती असेल, असं तुम्हाला एव्हाना सुचलं असेल. सगळ्यांनाच सुचतं, आणि काका त्याच वाक्याची वाट बघत असतात. गवंड्याची पाण्याची नळी लावून त्यांनी पहिल्याच दिवशी फरशी तपासली होती. एक सूत उतार निघाला. तिथं चाकाखाली त्या मापाचा पत्रा बसवला आणि त्याच्याभोवती ऑइलपेंटनं चौकोन आखला. मडगार्डापासून जमिनीपर्यंत मोजणाऱ्याला तर काका माणसात धरत नाहीत. मडगार्ड पत्र्याचं, ते नव्वदएक वर्षांत कुठंही वळलेलं असतं. टायरातली हवा वेगळीच भानगड. त्यांचं माप आक्सलच्या माथ्यापासून चासीच्या पोटापर्यंत, स्टीलच्या पट्टीनं, गालाला ग्रीस लागेपर्यंत खाली वाकून.

पण खरा घोळ पुढंच होता. पहिल्या रविवारी आकडा आला सहा सूत, दुसऱ्या रविवारी साडेचार. गाडीला कुणी हात लावला नव्हता. काका आठवडाभर जेवले नाहीत नीट. शेवटी त्यांच्या लक्षात आलं: पाटे एकमेकांवर घासतात. गाडी वरून दाबून सोडली तर ती पूर्ण वर येत नाही, पाटे मधेच एकमेकांना धरून ठेवतात. उचलून सोडली तर पूर्ण खाली बसत नाही. मोटारींना धक्के मुरवणारे शॉक ॲब्सॉर्बर सर्रास बसायच्या आधी ह्या घासण्यावरच सगळं चालायचं. तेवढाच काय तो उसळीला लगाम. म्हणजे एकाच गाडीची, एकाच जागी, एकाच वेळी दोन मापं. दोन्ही खरी.

कॅशियरला हे सांगून बघा.

त्यांनी तोडगा काढला. रविवारी सकाळी सातला माझ्या दारात हाक यायची. माझं काम गाडी दाबणं. आधी तीन हेलकावे. मग दाबून अलगद सोडायची, काका आकडा घेणार. मग बंपर धरून उचलायची, अलगद सोडायची, पुन्हा आकडा. दोन्हींची सरासरी रोजकीर्दीत. हो, त्यांनी गाडीची रोजकीर्द उघडली होती, आणि महिन्याच्या शेवटी खतावणी. डावी कमान नावे, उजवी कमान जमा. माझी कंबर त्या खात्यात कुठंच नव्हती.

उद्यमनगराच्या पाठीमागं एक पाटेवाला मिस्त्री आहे. काका त्याच्याकडं गेले ते दिवाळीच्या तोंडावर. कारखान्यांची धुराडी पेटायच्या बेतात, मिस्त्रीच्या दारात उसाच्या ट्रॉल्यांची रांग, प्रत्येकीचे पाटे जमिनीवर पसरलेले. काकांनी वहीतली सरासरी वाचून दाखवली. मिस्त्रीनं हातातला हातोडा खाली न ठेवता ऐकून घेतलं.

“सा सूत?”

“सहा. सरासरी.”

“काका, हितं ईतभर बसलेल्या गाड्या उभ्या हाईत. हंगाम उरकू द्या. तुमची काय पळून जातीया व्हय?”

काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्यांना मिस्त्री फार आवडला.

हंगामभर काका वाचत बसले. पाट्याची जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो, हे त्यांनी त्या हिवाळ्यात शोधलं आणि गल्लीतल्या प्रत्येकाला फूटपट्टी वाकवून दाखवलं. एक फूटपट्टी माझी होती. एप्रिलमध्ये गाडी अखेर मिस्त्रीच्या दारात उभी राहिली. आक्सलखाली जॅक, चासीखाली घोड्या.

मिस्त्री आधी म्हणाला, आक्सल आन् कमान ह्यांच्यात एक ठोकळा घालू, अर्ध्या तासात सरळ. काका एवढंच म्हणाले, “झाकलं.” मिस्त्रीला बँकेतली गोष्ट माहीत नव्हती, त्यामुळं तो थोडा वेळ गाडीवर काय झाकलंय ते बघत राहिला. मग म्हणाला, डावीकडं एक पाटा जादा चढवू. त्यावर काकांनी आठपटीचं गणित सुरू केलं. मिस्त्रीनं ऐकलं आणि म्हणाला, “व्हय. म्हणून तर दुप्पट जाडीचा कुणी घालत न्हाई.” तरी जादा पाट्यानं डावी बाजू ताठ आणि उजवी मऊ राहील, गाडी लंगडेल, हे त्यालाही मान्य होतं. राहिला एकच मार्ग: कमान मारायची. म्हणजे बसलेले पाटे खोलून त्यांना पुन्हा वाकण द्यायचं.

ते मी बघितलंय. यू-बोल्ट सुटले, कमान खाली आली. सेंटर बोल्ट काढायच्या आधी मिस्त्रीनं सगळी थप्पी शिकंज्यात आवळली, कारण बोल्ट निघाला की दाबून ठेवलेले पाटे सुटतात आणि तेव्हा तोंड समोर असलेलं बरं नाही. मग शिकंजा सैल करत एकेक पाटा वेगळा केला. मधलं ग्रीस वाळून डांबरासारखं झालेलं. प्रत्येक पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्याला आपल्या मापाचा खळगा पाडलेला; अंगठ्यानं चाचपला तर नख अडकावं एवढा. काकांनी प्रत्येक खळग्याची खोली लिहून घेतली. मिस्त्रीनं उजव्या बाजूची चांगली कमान शहाबादी फरशीवर आडवी ठेवली, तिच्याभोवती खडू फिरवला आणि ती उचलून घेतली. फरशीवर पांढरी कमान राहिली. डावा मेन पाटा तिच्यावर ठेवला, तर मधे दोन बोटं आत गेली.

मग हातोडा. ऐरणीवर खाच असलेल्या जागी पाटा आडवा टाकायचा, पोट वर करून, आणि खाचेच्या बरोबर वर मारायचं. मारत मारत पाटा पुढं सरकवत न्यायचा. भट्टी नाही, थंडा मार. तापवलं तर पुन्हा तेलात बुडवून पाणी द्यावं लागतं, आणि ते नीट जमलं नाही तर पाटा एक तर बसतो नाही तर तुटतो. चार-सहा ठोक्यांनंतर मिस्त्री पाटा उचलून उजेडात धरायचा. एक डोळा मिटून, मान जराशी मागं घेऊन.

मी काकांकडं बघितलं. काका स्टीलची पट्टी खिशात घालत होते.

संध्याकाळपर्यंत पाटे खडूच्या रेषेवर बसले, नवं ग्रीस लागलं, कमान चढली. गाडी घोड्यांवरून उतरवून तीन हेलकावे दिले. काका वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

“डावीकडं दोन सूत अजून खाली हाय.”

“ठिवल्यात,” मिस्त्री हात पुसत म्हणाला.

“ठेवलेत म्हणजे?”

“तुम्ही बसा की गाडीत.”

काका स्टिअरिंगमागं जाऊन बसले. उजवी बाजू त्यांच्या वजनानं दबली. मिस्त्रीनं मला वाकून बघायला लावलं. मी बघितलं. पट्टी लावली. दोन्हीकडं सारखं.

“ते दोन सूत गाडीचं न्हाईत, काका. तुमचं हाईत.”

जुन्या काळी काही कारखाने चालकाच्या बाजूला जरा तगडी कमान द्यायचे ते ह्याचसाठी, हे काकांनी हिवाळ्यात वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि आपणच दोन सूत असणं वेगळं. ते उतरले. गाडी पुन्हा कलली. ते चढले. मला विचारलं, “आता?” “आता सरळ.” उतरले. “आता?” असं पाच वेळा झालं, आणि मिस्त्रीनं दिवा मालवला.

घरी येताना वेगळंच प्रकरण झालं. गाडी रस्त्यावर सरळ राहीना. वळून झाल्यावर स्टिअरिंग आपणहून जागेवर येतं, ते येईना. काका ते सारखं ओढून आणत होते आणि गाडी दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या हत्तीसारखी डुलत चालली होती. गाडी थांबवून काका बॅटरी घेऊन खाली शिरले. ह्या गाडीत कमान आणि आक्सल ह्यांच्यामध्ये कुणीतरी कधीतरी एक निमुळती पाचर बसवलेली आहे. तिच्यामुळं आक्सल मागं कलतं, आणि त्या कलण्यानं चाकं सरळ धावायला बघतात. सायकलचा पुढचा दांडा तिरका असतो, बरीचशी तशीच युक्ती. घाईत पाचर उलटी बसली होती. निमुळतं तोंड मागं हवं तर पुढं, किंवा त्याच्या उलट. मला आजही सांगता येत नाही. काकांना तेव्हा रागावता आलं असतं. पण गाडीखालून त्यांचा जो आवाज आला तो चक्क खूश होता. “बघ! उलटं पडलंय! ४५चे ५४!” दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पाचर फिरवून दिली. गल्लीत मात्र ‘मिस्त्रीनं काकांना पाचर मारली’ एवढंच पसरलं.

आता काकांची अडचण बघा. गाडी रिकामी उभी असली की डावीकडं दोन सूत कलते, आणि येणारा-जाणारा बघून म्हणतो, “काका, बसलीय की.” काका आत बसले की गाडी ओळंब्यात, पण तेव्हा ती त्यांना बघता येत नाही. जगात एकच माणूस आहे ज्याच्यासाठी ही गाडी सरळ केलीय, आणि त्यालाच ती कधी सरळ दिसणार नाही.

कायमस्वरूपी तोडगा म्हणून त्यांनी मला बसवलं. वजन सारखंच, ६० किलो. सलग तीन रविवार मी पेपर घेऊन स्टिअरिंगमागं बसलो आणि काका समोरच्या कट्ट्यावरून, एक डोळा मिटून, आपली गाडी बघत राहिले. पान उलटलं तरी, “हलू नकोस.” पुढं माझं लग्न झालं आणि सासरच्या पाहुणचारानं मी बेभरवशाचा झालो. “माणसाचं वजन हाय रे, आज एक उद्या एक,” काका म्हणाले, आणि मेहुण्याच्या गुऱ्हाळावरून तीस-तीस किलोचे दोन रवे घेऊन आले. ताज्या गुळाचे, कापडात गुंडाळलेले. एक सीटवर, दुसरा त्याच्यावर. लांबून बघितलं तर कुणीतरी ठेंगणा, तांबूस गृहस्थ गाडी चालवतोय असं वाटायचं. गाडी सरळ. काका कट्ट्यावर. अख्खा मे महिना त्यांनी असा सुखात काढला.

जूनमध्ये मुंग्या आल्या. अंगणातून, टायरवरून, शॅकलच्या झोक्यावरून, ओळीनं. पाऊस लागला तसा गूळ पाझरू लागला आणि नव्या रेक्झिनवर तांबडा ओघळ आला. काकूंनी फडकं आणून काकांच्या हातात दिलं, एक शब्द बोलल्या नाहीत. काकांनी रवे काट्यावर नेऊन तोलले. दोघांत मिळून दोनशे ग्रॅम घट. खतावणीत ‘मुंग्या’ हे नवं खातं उघडलं गेलं. दोनशे ग्रॅम त्यांच्या नावे.

आणि मग, दसऱ्याच्या चार दिवस आधी, काकांच्या डोक्यात आलं की डाव्या सीटचा हिशेब अजून झालेलाच नाही. दसऱ्याला काकू शेजारी बसणार. त्या बसल्या की डावी दबणार. किती?

“अगं, तुझं वजन किती?”

“तुमच्या पाट्याला कशाला सांगू?”

विषय तिथंच संपायला हवा होता. पण कमान हाही एक काटाच असतो, हे काकांना कळून चुकलं होतं. दोन रव्यांना डावी बाजू किती दबते ते त्यांनी मला मदतीला घेऊन मोजलं. म्हणजे आता फक्त काकूंनी एकदा सीटवर बसायचं होतं, उरलेलं त्रैराशिक. खंडेनवमीच्या दिवशी त्यांनी काकूंना अतिशय गोड आवाजात गाडीत बसायला बोलावलं. सीट पुरेशी आरामाची आहे का बघून सांग, म्हणाले. काकू बसल्या. मी पुढं पट्टी घेऊन वाकलेला. काका ग्रीसचा डबा हातात धरून काहीतरी केल्यासारखं करत होते. इथवर ठीक होतं. पण सवय ती सवय. त्यांनी बंपर धरला आणि तीन हेलकावे दिले.

“अहो, बोटीत बसवलंय का मला?”

मग दाबून सोडलं, मी आकडा सांगितला. उचलून सोडलं, मी दुसरा आकडा सांगितला. काकू शांतपणे उतरल्या, वळसा घालून आल्या आणि काकांच्या हातातली वही घेतली. वर त्यांचं नाव. खाली दोन ओळी: एकीवरून वजन येत होतं ५४, दुसरीवरून ७१.

“हे दोन कसे?”

“पाटे घासतात,” मी म्हणालो. कुणीतरी बोलायला हवं होतं. “दोन्ही खरे धरायचे आणि सरासरी काढायची.”

काकूंनी काकांच्या खिशातलं पेन घेतलं आणि ७१वर आडवी रेघ मारली. “कमी असेल तो लिहायचा. आणि तो गूळ गाईला घाला.”

३४ वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही काकांच्या खतावणीत दुसऱ्या कुणी मारलेली ती एकच रेघ. त्यांनी ती खोडून टाकलेली नाही. शेजारी बारीक अक्षरात ‘मान्य’ लिहून सही केलीय.

दसऱ्याला संध्याकाळी गाडी निघाली. काका उजवीकडं, काकू डावीकडं, मी मागं कोंबडीच्या जुन्या जागेवर. गर्दीच्या अलीकडं गाडी लावून आम्ही दसरा चौकात गेलो. शमीचं पूजन व्हायचं होतं, सोनं लुटायला पोरं पुढं सरकत होती. तेवढ्यात छत्रपतींची मेबॅक आली. माणसं टाचा उंचावून बघू लागली, कुणी मोबाइल वर धरले, कुणी हात जोडले. काका माझ्या शेजारी नव्हते. शोधलं तर गर्दीच्या पायांमध्ये उकिडवे बसलेले, एक डोळा मिटून, मान जराशी मागं. मी खाली वाकलो आणि ते शब्द ऐकायची तयारी ठेवली.

काका काहीच बोलले नाहीत. गाडी समोरून सावकाश पुढं गेली. ते उठले, गुडघे झाडले आणि मला म्हणाले,

“ड्रायव्हर किती किलोचा आसंल रे?”